दारात आलेली मुलं

वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीची खुली सुनावणी ऐकायला पास लागत नाही. सुरक्षा तपासणी करून आत जायचं, दालनाबाहेरच्या रांगेत थांबायचं आणि जागा मिळाली की मागच्या खुर्चीवर गप्प बसायचं. आपल्याकडे संसदेच्या स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. लोकांच्या हाती येतो तो अहवाल. म्हणून मार्च 2023 मध्ये सशस्त्र सेवा समितीपुढे सैन्यभरतीच्या अडचणींवर सुनावणी आहे असं कळलं, तेव्हा व्हर्जिनियाहून मुद्दाम गेलो. मी साताऱ्याकडचा. भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं बघत वाढलो. माणूस मिळत नाही म्हणून फौज हवालदिल होते, हे मला नवीन होतं.

2022 च्या आर्थिक वर्षात अमेरिकी लष्कराला 60,000 जवान हवे होते. मिळाले सुमारे 45,000. सक्तीची भरती 1973 मध्येच बंद झालेली, त्यामुळे जो स्वतःहून येईल तोच जवान. त्यातही 17 ते 24 वयाच्या शंभर तरुणांपैकी कुठलीही खास सूट न घेता पात्र ठरणारे जेमतेम 23, आणि सैन्यात जायची इच्छा सांगणारे 9.

साक्षीला लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिन्ही खात्यांतले दुसऱ्या क्रमांकाचे मुलकी अधिकारी होते. लेखी निवेदनं अशा वेळी आधीच दाखल झालेली असतात, तोंडी सांगायचा तो सारांश. खरं कामकाज सुरू होतं सदस्यांच्या प्रश्नांपासून. प्रत्येकाला मोजकी मिनिटं, समोर वेळ दाखवणारा दिवा. सदस्य दुसऱ्या समितीतून घाईघाईने येतात, प्रश्न विचारतात आणि निघून जातात. मागे बसलेले सहायक वाकून चिठ्ठी पुढे सरकवतात. आकडा हाताशी नसेल तर साक्षीदार लेखी उत्तर देण्याचं कबूल करतो, आणि ते नंतर कामकाजात छापलं जातं. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण दिलेला शब्द कागदावर राहतो.

बराच वेळ गेला तो तरुणांना सैन्यात यावंसं का वाटत नाही, यावर. कुणी फौजेतल्या वैचारिक धोरणांना दोष दिला, कुणी बेरोजगारी कमी असल्याकडे बोट दाखवलं. पण माझं लक्ष लागलं होतं ते वैद्यकीय नोंदींच्या मुद्द्याकडे. 2022 पासून भरतीच्या तपासणी केंद्रांवर नवी संगणकीय प्रणाली आली. पूर्वी उमेदवार फॉर्मवर जे लिहील तेवढंच डॉक्टरांना कळायचं. आता लहानपणापासूनची औषधं, निदानं, सगळं पडद्यावर दिसतं. तेराव्या वाढदिवसानंतर दम्यासाठी पंप लिहून दिल्याची नोंद सापडली, की आज धडधाकट पळणारा मुलगाही अडकतो. मग जुने कागद मागवा, तज्ज्ञाचा दाखला आणा, सूट मिळण्याची वाट बघा.

रांगेत माझ्या पुढे एक निवृत्त सार्जंट होते, भरती कार्यालयात काम केलेले. ते म्हणाले, "मुलाला तयार करणं कठीण नाही. तयार झालेल्या मुलाला थांबवून ठेवणं कठीण. तोवर त्याला दुसरीकडे नोकरी लागते."

सुनावणीत मला खटकलं ते हेच. न येणाऱ्यांची चिंता सगळ्यांना होती. दारात येऊन परत जाणाऱ्यांच्या वाट्याला थोडीच मिनिटं आली. लबाडीला आळा बसला हे चांगलंच झालं, पण नियम ठरले तेव्हा इतकं बारीक दिसत नव्हतं. दिसायला लागल्यावर नियमही तपासायला हवेत. काही आजारांसाठी औषधमुक्त राहण्याची मुदत कमी करून बघण्याचा प्रयोग तेव्हा सुरू होता, आणि तो लवकर वाढवायला हवा होता असं माझं ठाम मत आहे.

दारातल्या मुलांकडे नीट बघितलं की काय होतं, ते साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनमध्ये दिसलं. परीक्षेत थोडक्यात मागे पडणाऱ्या किंवा अंगावर चरबी जास्त असणाऱ्या उमेदवारांसाठी लष्कराने ऑगस्ट 2022 मध्ये तिथे पूर्वतयारीचा वर्ग सुरू केला. मुदत जास्तीत जास्त 90 दिवस. 2024 मध्ये लष्कराने 55,000 चं उद्दिष्ट गाठलं, तेव्हा नव्या जवानांपैकी जवळपास एक चतुर्थांश या वर्गातून आलेले होते.