मांडवातला हॅलोजन

दिवाळी सरते, तुळशीचे लग्न लागते आणि पुसदपासून वणीपर्यंतच्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांची धावपळ सुरू होते. त्याआधीचे थोडे दिवस सामान उघडून बघण्याचे. कॅमेऱ्याची लेन्स पुसली जाते, बॅटऱ्या तपासल्या जातात. दिवे मात्र गेल्या आषाढात जसे गुंडाळून ठेवले, तसेच गाडीत चढतात. आता एलईडी आल्याने तर जुन्या हॅलोजनकडे कोणी बघतही नाही. काहींनी ते भंगारात दिले, काहींचे माळ्यावर धूळ खात आहेत. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी ते टाकू नयेत, नीट बल्ब बसवून वापरावेत, असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे आणि रीत या लेखात मांडतो.

भारतात कृत्रिम उजेडात पहिल्यांदा चित्रीकरण करण्याचा मान मराठी माणसाकडे जातो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला गेला, अशी नोंद चित्रपट-इतिहासात आहे. त्या काळात स्टुडिओत कार्बनच्या आर्क दिव्यांचा दबदबा होता. बोलपट आल्यावर त्यांचा गुणगुणाट ध्वनिमुद्रणाच्या आड येऊ लागला आणि हॉलिवूडमध्ये १९२८च्या सुमारास टंगस्टन तारेच्या शांत दिव्यांच्या पद्धतशीर चाचण्या झाल्या. आज ज्याला आपण हॅलोजन म्हणतो, त्याचे पेटंट अमेरिकेत १९५९चे. काचेऐवजी क्वार्ट्‌झची नळी आणि आत थोडा आयोडिन किंवा ब्रोमिन. तारेतून उडालेला टंगस्टन नळीला चिकटून ती काळी करण्याऐवजी या वायूशी जोडला जातो आणि पुन्हा तारेकडे परततो. त्यामुळे बल्ब शेवटपर्यंत जवळपास सारखाच उजेड देतो. यासाठी नळीची भिंत २५० अंशांच्या वर तापलेली राहावी लागते. हॅलोजन इतका तापतो तो उगाच नव्हे.

यवतमाळ, दारव्हा, दिग्रसला हा दिवा आला तो व्हीएचएस कॅमेऱ्याबरोबर. खांद्यावरच्या त्या कॅमेऱ्यांना उजेडाची भूक फार. म्हणून हजार वॉटची नळी बसवलेला पत्र्याचा फोकस घेऊन एक मुलगा शूटिंगवाल्याच्या मागे फिरायचा आणि तो जिकडे वळेल तिकडे वऱ्हाडी डोळे मिटून घ्यायचे. हॅलोजन बदनाम झाला तो इथे. दोष दिव्याचा नव्हता, तो समोरून आणि जवळून मारण्याचा होता.

आता त्याचा गुण. टंगस्टनची तार ३४२२ अंशांना वितळते, त्यामुळे तिला पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवता येते. तापलेल्या तारेच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, मध्ये खड्डा नसतो. स्वस्त एलईडीत निळा भरपूर आणि गडद लाल तोकडा. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेची जान लाल रंगात असते. हळदीचा कार्यक्रम बघा. नवरीच्या गालावर ओली हळद आहे, तिच्या खालून त्वचेची लाली डोकावते आहे, कानाशी सोने आहे. टंगस्टनखाली हे तीन पिवळे तीन वेगळे दिसतात. हलक्या एलईडी पॅनलखाली हळद हिरवट होते, त्वचा मेणासारखी आणि सोने पितळेसारखे. हे नंतर संगणकावर दुरुस्त होत नाही, कारण जो रंग दिव्यातच नव्हता तो कॅमेऱ्यात आलेलाच नसतो. चांगल्या प्रतीच्या एलईडीत हा दोष बराच कमी झाला आहे, पण तो दिवा महाग पडतो. जुना फ्रेनेल, म्हणजे पुढे भिंग असलेला दिवा, आणि नवा बल्ब त्या मानाने स्वस्तात होतो.

निवड करताना वॉट आधी बघू नका, जागा बघा. मे महिन्यात यवतमाळचा पारा सहज ४३-४४ अंशांवर जातो. हजार वॉटचा दिवा घेतलेल्या विजेतला फार थोडा भाग उजेड म्हणून देतो, बाकी सगळी उष्णता. असे दोन दिवे मंगल कार्यालयाच्या स्टेजवर लावले की मेकअप ओघळतो, नवरदेवाचा फेटा भिजतो आणि मंगलाष्टका लवकर संपाव्यात असे सगळ्यांना वाटू लागते. आजचे कॅमेरे कमी उजेडात उत्तम चालतात. माझी पसंती म्हणून ६५० वॉटच्या फ्रेनेलला. पुढे भिंग असल्याने उजेड गोळा करता येतो, पसरवता येतो आणि पुढच्या पत्र्याच्या दारांनी कापता येतो. उघड्या फोकसमध्ये यातले फारसे काही साधत नाही. ८०० वॉटचा रेडहेड हा बिनभिंगाचा उघडा दिवा हलका आणि भरपूर उजेड देणारा, पण तो थेट चेहऱ्यावर मारायचा नसतो, छतावर किंवा पांढऱ्या कापडावर मारून परतवायचा. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, तेव्हा छत उंच असेल तर रेडहेडच हवा.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाखतीचा विचार वेगळा. कापसाच्या संकटाची कहाणी टिपायला गेल्या वीस वर्षांत कितीतरी कॅमेरे यवतमाळ जिल्ह्यात आले. ‘नीरोज गेस्ट्स’ आणि ‘बिटर सीड्स’ हे माहितीपट त्यातले गाजलेले. मातीच्या भिंती, एक दार, कोनाड्यात देव, छताला एक बल्ब. इथे ३०० वॉटचा एक दिवा भिंतीवर मारला की पुरे. घरातला मूळ बल्बही तारेचा असेल तर रंग जुळतात आणि घर घरासारखे दिसते. मोठे दिवे लावून त्या घराचा अंधार पुसून टाकणे हा मला त्या माणसांवरचा अन्याय वाटतो.

दिवसा अंगणात मात्र टंगस्टन नको. उन्हाचा रंग ५६०० केल्विनच्या आसपास, दिव्याचा ३२००. निळा जिलेटिन कागद लावून दोन्ही जुळवता येतात, पण तो कागद दोन-तृतीयांश उजेड खातो. थर्माकोलची पांढरी शीट उभी केली तर फुकटात काम होते.

आता बल्ब बदलण्याचे. इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. दुकानात नुसता ‘साडेसहाशेचा हॅलोजन’ मागू नका, जुना बल्ब घेऊन जा किंवा त्याच्या बुडावरची अक्षरे लिहून न्या. ‘जीवाय ९.५’ याचा अर्थ दोन पिनांमधले अंतर साडेनऊ मिलिमीटर, ‘जी २२’ म्हणजे बावीस. पण पिना जुळल्या म्हणजे बल्ब जुळला असे नाही. बुडापासून तारेच्या मध्यापर्यंतची उंचीही तीच हवी, नाहीतर तार आरशाच्या आणि भिंगाच्या रेषेत येत नाही, उजेड डागाळतो आणि भिंग तडकायची भीती राहते. शिवाय त्याच बुडाचे बल्ब दोन जातींचे मिळतात. नाटकाच्या दिव्यांसाठीचे दीर्घायुषी असतात, पण त्यांचा रंग २९००-३००० केल्विनचा. स्टुडिओसाठीचे ३२०० केल्विनचे असतात, त्यांचे आयुष्य मात्र शे-दोनशे तासांच्या घरात. एकाच स्टेजवर दोन्ही मिसळले की नवरीचा एक गाल जास्त पिवळा येतो.

बसवताना प्लग काढायचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. दिवा पूर्ण निवू द्यायचा. नवा बल्ब त्याच्या कागदातूनच धरायचा. बोटांचा घाम आणि तेल क्वार्ट्‌झवर लागले तर तापल्यावर तिथे पांढरट डाग पडतो, नळी कमजोर होते आणि फुगते किंवा फुटते. बोट लागलेच तर मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटने पुसून वाळवायचे. दोन टोकांच्या लांब नळीच्या फोकसमध्ये नळी आडवीच राहिली पाहिजे. मांडवाच्या बांबूला फोकस उभा बांधतात, तेव्हा आतला वायू एका टोकाला जमतो, तार ओघळते आणि नळी अकाली जाते.

आणि होल्डर! नवा बल्ब दोन लग्नांत गेला की आपण कंपनीला शिव्या देतो. होल्डर उलटा करून बघा. पितळी पाकळ्या काळ्या पडल्या असतील, त्यांवर बारीक खड्डे असतील, स्प्रिंग मऊ झाली असेल, तर पिन आणि पाकळी यांच्यामध्ये ठिणगी उडते. त्या उष्णतेने बल्बच्या बुडाशी असलेली मॉलिब्डेनमची पातळ पट्टी जळते आणि बल्ब मरतो. खराब होल्डरमध्ये नवा बल्ब घालणे म्हणजे पैसे जाळणे. उलट जळलेल्या पिनांचा बल्ब नव्या होल्डरलाही खराब करतो. बदलायचे तर दोन्ही एकत्र.

पेटलेला दिवा हलवू नये. तापलेली तार मऊ असते, वरातीतल्या एका धक्क्याने ती तुटते. बंद करा, हलवा, मग लावा. पुढची जाळी किंवा संरक्षक काच काढून टाकलेले फोकस मी पाहतो तेव्हा अंगावर काटा येतो. बल्बच्या आत दाब असतो, तो फुटला तर तप्त क्वार्ट्‌झचे तुकडे खाली बसलेल्या बायकापोरांवर पडतील. मांडवाचे कापड दिव्यापासून किमान एक मीटर तरी दूर हवे.

उरली वीज. हजार वॉटला २३० व्होल्टवर सव्वाचार अँपियरपेक्षा थोडे जास्त लागतात, म्हणजे घरातल्या साध्या सॉकेटवर एकच दिवा. दुसरा हवा तर पंधरा अँपियरची जागा शोधा. गावाच्या टोकाला संध्याकाळी पंप चालू असताना व्होल्टेज १९०वर उतरले तर उजेड जवळपास निम्मा होतो आणि रंग ३००० केल्विनच्या आसपास येतो. अशा वेळी कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स त्याच उजेडात पांढरा कागद धरून पुन्हा घ्यावा, फक्त बल्बचे चिन्ह निवडून थांबू नये. याउलट मध्यरात्रीनंतर किंवा जनरेटरवर व्होल्टेज चढते. ठरल्यापेक्षा फक्त ५ टक्के जास्त दाब मिळाला तरी बल्बचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणून ज्यांची कामे जनरेटरवर चालतात त्यांनी २४० व्होल्ट लिहिलेले बल्ब घ्यावेत. थोडा पिवळेपणा वाढेल, पण बल्ब टिकेल.

जुन्या दिव्यात बसणारे एलईडी बल्बही आता मिळतात. उघड्या फोकसमध्ये लांब नळीच्या जागी ते चालतात, पण आरसा नेमक्या तारेसाठी घडवलेला असल्याने उजेडाचा झोत तसा बनत नाही. फ्रेनेलमध्ये त्यांच्या नादी लागू नये. एलईडी घ्यायचाच तर तो एलईडी म्हणून घडवलेला घ्यावा, तो ५० हर्ट्‌झच्या विजेवर लुकलुकतो का हे दुकानातच वेगवेगळ्या शटरवर तपासावे आणि त्याच्याखाली स्वतःचा तळहात धरून कॅमेऱ्यात बघावा. मोठ्या खुल्या मैदानासाठी, यवतमाळच्या दुर्गोत्सवातल्या रात्रभराच्या कामासाठी आणि बॅटरीवर चालणाऱ्या वरातीसाठी एलईडीच योग्य. हळदीला, सप्तपदीला आणि घरातल्या मुलाखतीला टंगस्टन.

युरोपात सप्टेंबर २०१८पासून घरगुती हॅलोजनच्या विक्रीवर निर्बंध आले. स्टुडिओच्या बल्बना सूट असली तरी घरगुती मागणी घटली की बल्ब बनवणारे कारखानेही कमी होत जातात. नागपूरच्या सीताबर्डीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत आज जो बल्ब सहज मिळतो तो उद्या मिळेलच असे नाही. तेव्हा तुळशीच्या लग्नाआधी प्रत्येक दिव्यामागे दोन बल्ब आणि एक चिनीमातीचा होल्डर आणून ठेवा, आणि खोक्यावर दिव्याचे नाव, बुडाचा क्रमांक व व्होल्ट मार्करने लिहा.