रानद्राक्ष ओळखायचं कसं?

खटाव तालुक्यातल्या वडूजच्या आसपास कुंपणावर काळ्या-जांभळ्या फळांची वेल दिसली, की रानद्राक्ष सापडल्यासारखं वाटतं. बहुतेकदा ती वासनवेल निघते. ती गुळवेलीच्या कुळातली. द्राक्ष समजून तिची फळं तोंडात टाकू नयेत.

पहिली खूण बाळीची, म्हणजे आधाराला गुंडाळणाऱ्या ताण्याची. द्राक्षवेलीची बाळी पानाच्या बगलेतून फुटत नाही. पेऱ्यावर पानाच्या बरोबर समोरून निघते. घडही तिथूनच येतो, कारण दोन्ही एकाच प्रकारच्या अंकुरापासून घडतात. घड जिरून बाळी झालेली बागायतदारांनी पाहिलेली असतेच. द्राक्षकुळातल्या रानवेलींनाही हाच नियम. वासनवेलीला बाळी नसते, ती स्वतःच पीळ घालत चढते. शिवलिंगीला बाळी असते, पण ती देठाच्या कडेने फुटते. तिची पांढऱ्या पट्ट्यांची लाल फळं विषारी.

दुसरी खूण बीची. फळ चिरून पाहावं. वासनवेलीत घोड्याच्या नालासारखी वाकलेली एकच बी असते. रानद्राक्षात बिया एक ते चार, एका टोकाला निमुळत्या.

या दोन खुणांवरून कूळ कळतं, जात कळत नाही. माळावरची चौकोनी कांड्यांची हाडसांधी द्राक्षकुळातलीच. पण तिच्या लाल फळांनी तोंड खाजतं. खरं रानद्राक्ष, म्हणजे अँपेलोसिसस लॅटिफोलिया, पावसाळ्यात जमिनीतल्या गाठाळ मुळांतून फुटतं. पान रुंद, कोनदार, देठाशी खाच असलेलं. फुलं तांबूस, फळं पिकल्यावर काळी. घडाच्या देठालाच बाळी असते, ही त्याची खास खूण. खटावच्या मुरमाड माळापेक्षा पश्चिमेच्या सह्याद्रीतल्या जंगलात ते शोधावं.

ओळख पटली तरी मूठभर खाऊ नये. या कुळातल्या बऱ्याच रानफळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात आणि शिजवूनही विरघळत नाहीत. म्हणून पूर्ण पिकलेली एक-दोनच फळं, तीही जाणत्या माणसाला दाखवून. चव घेऊन ओळख पटवू नये. द्राक्षबागेच्या बांधावरचं काहीच तोडू नये, कारण बागेतली फवारणी तिथेही उडते. मूळ उपटू नये. पुढच्या पावसात वेल त्यातूनच येते. बाळी, पान, घड, बी यांतली एक खूण जरी जुळली नाही, तरी फळ वेलीवरच राहू द्यावं.