पात्र कायमचं बदलतं तेव्हा : डीएमसाठी थोडं

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पात्र मेलं तर काय करायचं, हे ठरलेलं असतं. पण ते कायमचं बदललं तर? पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांतली तीन उदाहरणं बघा.

🐺 वेअरवुल्फचा शाप : स्ट्रेंग्थ १५पेक्षा कमी असेल तर थेट १५ होते. साध्या शस्त्रांनी इजा होत नाही. चांदीचं किंवा जादूचं शस्त्र लागतं. चाव्यातून आलेला शाप 'रिमूव्ह कर्स'ने उतरतो, जन्मजात असेल तर 'विश'च हवा.

🌿 रीइन्कार्नेट : मृत्यूनंतर १० दिवसांच्या आत नवं शरीर मिळतं. वंश १०० बाजूंच्या फाशावर ठरवता येतो. आठवणी त्याच, पण कालचा ड्वॉर्फ आज हाफलिंग!

✨ ट्रू पॉलिमॉर्फ : एकाग्रता पूर्ण तासभर टिकली, तर मंत्र कोणी मोडेपर्यंत बदल कायम.

टेबलावर काय करावं?

✅ सेशन झीरोलाच विचारा : असा बदल कोणाला चालेल, कोणाला नाही?
✅ शापित पात्र डीएमने ताब्यात घ्यायची मुभा नियमांत आहे. तरी शक्यतो घेऊ नका. पात्र खेळाडूचंच राहू द्या.
✅ परतीची वाट ठेवा, पण तिची किंमतही ठेवा.
✅ बदल जगात दिसू द्या. त्या हाफलिंगला जुनं चिलखत ढगळ होईल, कुळाचा पहारेकरी त्याला दारातच अडवेल. खरी गोष्ट तिथेच सुरू होते, म्हणून त्या प्रसंगाला घाई न करता पुरेसा वेळ द्या.