पानावरची अदृश्य पंगत

ज्वारीवर मावा पडला की पाने चिकट होतात. हा गोड चिकटा खायला मुंगळे येतात, ते आपण पाहतो. पण त्याच पानावर डोळ्यांना न दिसणारी आणखी एक पंगत बसलेली असते. ती रानटी यीस्टची, म्हणजे किण्वाची.

पाव फुगवणारे यीस्ट आपल्याला ठाऊक आहे. पानावरचे यीस्ट त्याचे दूरचे भाऊबंद. ते एकाच पेशीचे असून बुरशीच्या कुळात मोडते. क्रिप्टोकॉकस, ऱ्होडोटोरुला, स्पोरोबोलोमायसिस अशा त्याच्या कितीतरी जाती आहेत. पानातून पाझरणारी थोडी साखर, परागकण आणि माव्याचा चिकटा हे त्यांचे अन्न. काही जाती गुलाबी असतात. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच जातीचा हा रंग असून तो त्यांना उन्हापासून वाचवतो.

स्पोरोबोलोमायसिसची तर गंमतच आहे. ते आपले बीजाणू हवेत उडवते. प्रयोगशाळेत बशीच्या झाकणाला आतून पान चिकटवून खाली खाद्य ठेवले, तर काही दिवसांनी खाली पानाचे गुलाबी चित्र उमटते. म्हणूनच हॉलंडचे क्लुयव्हर आणि व्हान नील यांनी 1924 साली त्याला आरशासारखी प्रतिमा उमटवणारे यीस्ट म्हटले.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय? करड्या बुरशीसारख्या काही रोगांचे बीजाणू पानावर पडले की रुजण्यासाठी तिथलीच साखर वापरतात. यीस्टने ती आधीच फस्त केली, तर रोगाला जोर धरता येत नाही. भुरी, केवडा, तांबेरा हे रोग मात्र थेट पानाच्या पेशीतून अन्न ओढतात. तिथे यीस्टचा असा आधार फारसा मिळत नाही. युरोपात ऑरिओबॅसिडियम ही यीस्टसारखी बुरशी सफरचंद व नासपतीच्या फुलांवर रोगाविरुद्ध फवारतात.

बुरशीनाशकाला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. पुष्कळशा औषधांनी रोगाबरोबर यीस्टही मरते. म्हणून शेजाऱ्याने पंप काढला की आपणही काढायचा, असे करू नका. आधी पान उलटून पाहा, रोग ओळखा, हवामान बघा. गरज असेल तेव्हा शिफारशीचे औषध शिफारशीच्याच मात्रेत वेळेवर जरूर फवारा. पावाचे यीस्ट पाण्यात कालवून फवारल्याने मात्र हे काम होईल असे समजू नका. ती जात वेगळी.

विनाकारण केलेली फवारणी खिसा रिकामा करते आणि पानावरचे फुकटचे राखणदारही घालवते.