क्षणावरचा अंमल

विद्युत्शास्त्राच्या गेल्या शतकातील प्रगतीचा विचार करू लागले म्हणजे शक्ती निर्माण करणारी महाकाय यंत्रे प्रथम डोळ्यांत भरतात. परंतु त्या शक्तीला नेमक्या कोणत्या क्षणी वाट मोकळी करून द्यावयाची, एवढाच निर्णय ज्यांच्याकडे सोपविलेला असतो, त्या ट्रिगर-जातीच्या साधनांची योग्यता आपल्याकडे फारशी कोणी वर्णिली नाही, याची मला खंत वाटते.

या कुळातील जुने साधन म्हणजे थायरेट्रॉन ही वायूने भरलेली नळी. तिच्या ग्रिडला इशारा मिळेपर्यंत ती प्रवाह अडवून धरते. मात्र आतील वायूचे आयनीभवन होऊन प्रवाह एकदा सुरू झाला, की ग्रिडचा अखत्यार संपुष्टात येतो, आणि पाटाचे दार उघडल्यावर पाणी ओसरेपर्यंत ते लावताच येऊ नये, तशी अवस्था होते. याउलट ऑटो श्मिट यांनी 1934 साली, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकत असताना, माकूळ या सागरी जीवाच्या मज्जातंतूंतील आवेगांचा अभ्यास करता करता जे मंडल सिद्ध केले, ते आपण होऊन पूर्वस्थितीवर येते. चढत्या दाबासाठी एक मर्यादा आणि उतरत्या दाबासाठी तिच्याहून खालची दुसरी, अशी तजवीज त्यात असल्यामुळे, मधल्या पट्ट्यातील किरकोळ चलबिचलीने त्याचा निर्णय फिरत नाही. जीवशास्त्राच्या प्रश्नातून निघालेली ही युक्ती आज असंख्य अंकीय मंडलांत नांदते आहे.

थायरेट्रॉनचा स्वभाव मात्र सिलिकॉनने उचलला. 1957 साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत गॉर्डन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या चार थरांचे जे नियंत्रित एकदिशकारक घडविले, तेच पुढे थायरिस्टर म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच्या थरांत जणू दोन ट्रान्झिस्टर परस्परांना चालना देत असल्यामुळे, गेटमधून अल्पसा प्रवाह क्षणभर दिला तरी दोघेही पूर्ण उघडतात, आणि मुख्य प्रवाह एका ठरावीक किमान मर्यादेखाली उतरेपर्यंत मिटत नाहीत. प्रत्यावर्ती प्रवाह प्रत्येक अर्धचक्राच्या शेवटी शून्यावर येतच असल्याने, बंद करण्याचा बंदोबस्त तेथे निसर्गतःच झालेला असतो. उरतो तो केवळ उघडण्याचा मुहूर्त.

घरातल्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर याच मुहूर्तावर चालतो. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात अर्धचक्र 10 मिलिसेकंदांचे; त्यात धारित्र भरत जाऊन त्यावरील दाब सुमारे 32 व्होल्टांवर पोहोचला, की डायॅक हा छोटा घटक उघडतो आणि थायरिस्टरच्याच कुळातील, दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या ट्रायॅकला चेतवतो. बटण फिरवून आपण फक्त धारित्र भरण्याचा वेग बदलतो. जुन्या रेग्युलेटरमधील तारेची वेटोळी जी वीज तापून वाया घालवीत, तिची यात बचत होते. छाटलेल्या तरंगामुळे पंखा थोडा गुणगुणतो, एवढाच काय तो तोटा.

परंतु या तत्त्वाचे खरे ऐश्वर्य पाहावयाचे असेल, तर 1999 साली कार्यान्वित झालेल्या चंद्रपूर–पडघे या सुमारे 752 किलोमीटरांच्या, ±500 किलोव्होल्ट दाबाच्या एकदिश वाहिनीकडे पाहावे. पूर्व विदर्भातील 1500 मेगावॅटपर्यंतची वीज कल्याण-भिवंडीच्या परिसरात आणून सोडणाऱ्या या वाहिनीच्या दोन्ही टोकांना थायरिस्टरांच्या राशी आहेत, आणि दोहोंची घडण तत्त्वतः एकच आहे. चंद्रपुरास चेतवणी लवकर दिली जाते, म्हणून तेथे प्रत्यावर्ती विजेची एकदिश वीज होते. पडघ्यास तीच चेतवणी अर्धचक्राच्या 180 अंशांपैकी 90 अंशांच्या पलीकडे लांबविली जाते, म्हणून एकदिश विजेची पुन्हा प्रत्यावर्ती वीज होते. यंत्र न बदलता केवळ क्षण बदलल्याने कार्य उलटे व्हावे, याहून विलक्षण गोष्ट विद्युत्शास्त्रात मला तरी दुसरी ठाऊक नाही.

हा विलंब 180 अंशांपर्यंत मात्र नेता येत नाही. प्रवाह ओसरल्यावर थायरिस्टरला आपली रोधशक्ती परत मिळविण्यास अवधी लागतो, आणि तो न मिळाला तर थायरिस्टर हुकमावाचूनच पुन्हा वाहू लागून अख्खी प्रेषणव्यवस्था क्षणभर कोलमडते. म्हणून अशा केंद्रांत अखेरीस साधारण 18 अंशांची, म्हणजे एका मिलिसेकंदाची, मुदत राखून ठेवण्याचा प्रघात आहे.