भातच भाताला सोलतं

भाताचा दाणा नखाने सोलून पाहा. सुटेल, पण वाटीभर तांदळाला दुपार जाईल. मळणीत गव्हाची तुसं उडून जातात, मग भातालाच ती का चिकटतात? गंमत म्हणजे ती चिकटलेली नसतातच! दोन टरफलं कडेने एकमेकांत अडकलेली, आत दाणा मोकळा. शिवाय रोपाने मातीतून शोषलेली सिलिका त्यांत भरलेली, म्हणजे वाळूतली तीच. तूस जाळलं की सुमारे पाचवा हिस्सा राख उरते आणि ती बहुतेक सिलिकाच!

हे चिलखत उतरवायला कोकणात उखळ-मुसळ होतं, घिरट होतं. मग गावोगावच्या भातगिरण्यांत हलर आला. त्याचं माहेर कुठलं? ब्राझील! तिथल्या एव्हारिस्तो एंगेलबर्गने कॉफी आणि भात सोलायला तो घडवला. 1888 मध्ये अमेरिकेत सिराक्यूजला त्याच्या नावाची कंपनी निघाली.

आत काय असतं? आडव्या नळकांड्यात फिरणारा बिडाचा कंगोरेदार रूळ, खाली जाळी, बाजूला पोलादी पातं. पण सोलतं कोण? पातं नुसती वाट अडवतं. दाणे मुंबईच्या लोकलसारखे चेंगरतात, एकमेकांवर घासतात आणि भातच भाताची सालं काढतं! तूस, कोंडा, कणी जाळीतून एकत्र पडतं; ते गुरांना. पातं किती सरकवायचं हे गिरणीवाला तळहातावरचे चार दाणे पाहून ठरवतो.

या चेंगराचेंगरीत तांदूळ मोडतोही फार. म्हणून आता रबरी रूळ आले. दोन रूळ, उलट दिशा, वेग वेगळे. तूस अलगद फाटतं. गोंदियाच्या मोठ्या गिरण्यांपुढे हलर कसा टिकणार?

अमेरिकेतल्या लुइझियानात 1912 सालची कॉनराड राइस मिल राष्ट्रीय वारसा यादीत आहे आणि अजून तांदूळ काढते. जुनं यंत्र असं चालवत जपणं मला फार पटतं. रंग लावून काचेआड ठेवलेला हलर म्हणजे नुसतं बीड. त्याला भात हवं.

आणि त्याला मानवणारं भात कोकण-गोव्यात आहेच: उकडा. भिजवून वाफवताना दाण्यातला स्टार्च फुगतो, बारीक भेगा सांधल्या जातात, कोंड्यातलं ब-1 जीवनसत्त्व आत शिरतं. असा टणक दाणा हलरमध्येही सहसा मोडत नाही. पेजेसाठी उकडा लागणारी घरं आहेत, तिथे जुन्या हलरला अजून काम आहे.