‘त्यांना शांतता नकोच’ या समजाविषयी

इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्या संघर्षाविषयी आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येते : ‘त्या दोघांनाही शांतता नकोच आहे.’ राज्यशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांच्या तोंडूनही मी ते ऐकतो. हे वाक्य तपासून पाहिले पाहिजे. कारण दोष लोकांच्या स्वभावावर ढकलला की राज्यकर्ते आपोआप मोकळे सुटतात.

रामल्ला येथील खलील शिकाकी यांच्या संस्थेने इस्रायली संशोधकांसह दोन्ही समाजांत अनेक वर्षे पाहण्या केल्या आहेत. २०१६ साली दोन राष्ट्रांच्या तोडग्याला दोन्हीकडे निम्म्याहून थोडा अधिक पाठिंबा होता. २०२२ मध्ये तो पॅलेस्टिनींत आणि ज्यू इस्रायलींत एक तृतीयांशावर आला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली, सुमारे २५० ओलीस नेली गेली. नंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्यानुसार, साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मेले. २०२४ च्या पाहणीत पाठिंबा पॅलेस्टिनींत सुमारे ४० टक्के, तर ज्यू इस्रायलींत सुमारे २१ टक्के होता.

परंतु ही घसरण उपजत द्वेषातून आलेली नाही. १९९३ च्या ऑस्लो कराराचे दोन्हीकडच्या बहुसंख्यांनी स्वागतच केले होते. पुढे काय घडले? १९९४ साली हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू अतिरेक्याने २९ मुसलमानांना नमाज पढत असताना ठार केले. हमासने बसमध्ये बॉम्बस्फोट घडवले. नोव्हेंबर १९९५ मध्ये पंतप्रधान राबिन यांचा एका ज्यू माथेफिरूनेच खून केला. १९९६ च्या निवडणुकीत कराराचे टीकाकार नेतान्याहू एक टक्क्याहून कमी फरकाने जिंकले. आणि वेस्ट बँकमधील ज्यू वसाहतवाल्यांची संख्या, पूर्व जेरुसलेम वगळून, १९९३ च्या सुमारे एक लाखावरून तीस वर्षांत पाच लाखांवर गेली. एकाला बसमध्ये चढताना मरण दिसले. दुसऱ्याला पायाखालची जमीन सरकताना दिसली. मग विश्वास कशावर ठेवायचा?

उलट दिशेचाही दाखला आहे. इजिप्तला सिनाई परत देण्यास बहुतेक इस्रायलींचा विरोध होता. नोव्हेंबर १९७७ मध्ये सादात स्वतः जेरुसलेमला गेले, आणि मत पालटू लागले. १९७९ साली तह झाला. १९८२ पर्यंत सिनाई परत मिळाले, तेथील इस्रायली वसाहतीही उठल्या. पुढाऱ्याने लोकमताची वाट पाहिली नाही, ते घडवले. अलीकडच्या पाहण्यांतही, समोरची बाजू नेमके काय देईल हे सांगितले, तेव्हा विरोधकांपैकी बऱ्याच जणांनी आपले मत बदलले.

अर्थात, आकडे शेजारी मांडले म्हणून माणसे समान पातळीवर येत नाहीत. एक उत्तर देतो तो आपल्या राज्याचा नागरिक म्हणून. दुसरा लष्करी ताब्याखाली, नाक्यावर परवाना दाखवत जगतो. प्रश्न दोघांना एकच, पण ‘तडजोड’ या शब्दाचा अर्थ दोघांसाठी वेगळा. शांतता म्हणजे एकाला सुरक्षितता, तर दुसऱ्याला आधी स्वातंत्र्य.

म्हणून लोकमताचे आकडे वाचताना आपण दोन प्रश्न विचारावेत : ही भीती कोणत्या घटनांनी घडवली, आणि ती टिकून राहण्यात कोणाचे हित आहे? जी भीती माणसांच्या कृतीने वाढली, ती माणसांच्या कृतीने कमीही होऊ शकते. मात्र ताबा आणि हत्या चालूच ठेवून लोकांकडे विश्वास मागता येणार नाही.